शरीरातला धातू आणि झाडाचा लेप

१९५७ साली लंडनच्या स्टीफन एलेक आणि पी. ई. कोनेन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वेच्छेनं पुढे आलेल्या निरोगी माणसांच्या कातडीत त्यांनी स्टॅफिलोकॉकस जंतू मोजून टोचले आणि पू व्हायला किती जंतू लागतात ते पाहिलं. नुसते जंतू टोचले तेव्हा हा आकडा दहा लाखांच्या वर गेला. मग तेच जंतू रेशमी टाक्याच्या धाग्यासोबत आत घातले. आता काहीशे जंतू पुरले. माणूस तसाच, जंतू तेच, मधे फक्त एक निर्जीव धागा आला होता आणि त्यानं जंतूंचं काम दहा हजार पटींहून सोपं करून टाकलं.

या पुस्तकातली सगळी प्रकरणं त्या धाग्याच्या मागे निघालेली आहेत. आज त्या धाग्याच्या जागी नडगीतला रॉड आहे, बदललेला गुडघा आहे, खुब्याची वाटी आहे, हृदयाची झडप, पेसमेकर, दाताच्या मुळाशी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आहे. कोणत्याही गावात चौकशी केली तर कुणा ना कुणाच्या शरीरात असं काहीतरी बसवलेलं निघतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, आणि ही आधुनिक वैद्यकाची फार मोठी मिळकत आहे. पण ज्यांना होतो त्यांचा त्रास लांबतो. ‘रॉडच्या जागेतून पाणी येतंय’ असं म्हणत पेशंट परत येतो. जखम उघडतात, धुतात, अँटिबायोटिक देतात. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पाणी सुरू होतं. सांधा बदललेला असेल तर बहुतेक वेळा तो काढून तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे अँटिबायोटिक चालवतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशननं नवा सांधा बसवतात. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेत शंभरात एखाद-दोघांवर ही वेळ येते. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं असेल, जखमेत रस्त्यावरची माती गेलेली असेल, तर हे प्रमाण पुष्कळ वाढतं. आपल्याकडच्या दुचाकीच्या अपघातांत नडगीची हाडं अशीच मोडतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस. शरीरातून काढलेले असे स्क्रू आणि प्लेटा कल्चरसाठी प्रयोगशाळेत येतात, तेव्हा पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास चकित होतो, कारण स्क्रू स्वच्छ दिसतो. आट्यांत थोडं वाळलेलं रक्त असतं, बाकी धातू चकचकीत. त्यावरून कापसाचा बोळा फिरवून जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढला तर पुष्कळदा काहीच उगवत नाही. तोच स्क्रू निर्जंतुक द्रवात बुडवून ध्वनिलहरींच्या पाण्यात काही मिनिटं ठेवायचा आणि तो द्रव प्लेटवर पसरायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहतींनी प्लेट भरून जाते. बहुतेक वेळा तो आपल्या कातडीवर कायम राहणारा, एरवी निरुपद्रवी मानला जाणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस असतो. जंतू होतेच, पण धातूला असे घट्ट चिकटलेले होते की हलवल्याशिवाय सुटत नव्हते.

या चिकटलेल्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. तिचं महत्त्व वैद्यकाच्या गळी उतरवायला बिल कॉस्टर्टन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं आयुष्य खर्च केलं. जंतू आधी पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा बुळबुळीत थर तयार करतात आणि आतले पुष्कळसे जंतू जवळजवळ झोपी जातात. वाढणाऱ्या जंतूला मारणारं औषध झोपलेल्याला फारसं काही करत नाही. मोकळ्या जंतूला पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषध इथे लागू शकतं, आणि तेवढं औषध रक्तातून देणं माणसाला झेपत नाही.

म्हणून लढाई आधीच्या क्षणाची आहे. अँथनी ग्रिस्टिना या अस्थिशल्यविशारदानं १९८७ साली तिला ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ असं नाव दिलं. धातू शरीरात गेला की एकीकडून हाडाच्या पेशी आणि दुसरीकडून जंतू त्याच्याकडे धावतात, आणि जो आधी पोचेल त्याची ती जागा होते. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियमला हाड कसं घट्ट धरून बसतं ते दाखवलं, त्यावर आजचं दंतरोपण उभं आहे. पण हाडाला आवडणारा खरबरीत पृष्ठभाग जंतूंनाही आवडतो. धातूवर लेप देणाऱ्यासमोरचा पेच हा असा आहे: जंतूला अडवायचं आणि हाडाच्या पेशीला येऊ द्यायचं. नुसतं मारणारं रसायन शोधणं त्या मानानं फार सोपं आहे.

या पेचावरची आजवरची उत्तरं वनस्पतींकडून आलेली नाहीत. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी खुब्याचा सांधा बदलताना ऑपरेशनच्या जागेवरची हवाच गाळून घेतली आणि जंतुसंसर्ग कितीतरी खाली आणला. हॅम्बुर्गच्या बुखोल्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळलं. ती पद्धत आजही सर्रास वापरात आहे. पुढे जेंटामायसिनचा थर दिलेले नडगीचे रॉड आले, चांदीचा मुलामा दिलेले मोठे सांधे आले, जपानच्या कानाझावा विद्यापीठात टायटॅनियमवर आयोडीन बसवलं गेलं. ही सगळी कामं मोठी आहेत आणि त्यांनी पेशंटांचे पाय वाचवले आहेत. मग आणखी कशाला शोधायचं? प्रतिजैविक हळूहळू झिरपत राहिलं की शेवटी त्याची मात्रा मारण्याइतकी उरत नाही, पण जंतूंना सरावण्याइतकी उरते. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. चांदीची मात्रा वाढली तर ती आपल्या पेशींनाही सोसत नाही. म्हणून वेगळ्या जातीची रसायनं हवी आहेत, आणि ती शोधायला झाडांकडे जाण्यामागे भक्तिभावापेक्षा बळकट कारण आहे.

झाडाला पळता येत नाही आणि त्याच्याकडे रक्तातून धावत जाणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. साल, पान, मूळ यांच्या पृष्ठभागावर सतत जंतू आणि बुरशी येऊन बसतात, आणि झाड त्यांना रसायनांनी आवरतं. कोट्यवधी वर्षं हे चालू आहे. म्हणजे आपल्याला धातूवर जे साधायचं आहे, तेच काम झाड आपल्या सालीवर करत आलंय. त्याची पद्धतही प्रतिजैविकांहून निराळी आहे. एका जालीम रसायनावर भिस्त ठेवण्याऐवजी झाड अनेक सौम्य रसायनं एकत्र वापरतं.

याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा दारुहळदीच्या कुळातला आहे. या झुडपांत बर्बेरिन असतं, पिवळं, कडू, जंतूंना मारक. पण स्टॅफिलोकॉकसवर ते एकट्यानं फारसं चालत नाही, कारण या जंतूच्या आवरणात एक पंप असतो आणि तो बर्बेरिन आत आलं की बाहेर फेकतो. फ्रँक स्टेरमिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की याच झुडपांत दुसरं एक रसायन असतं, जे स्वतः जंतूला काहीच करत नाही. ते फक्त पंप बंद पाडतं. दोन्ही एकत्र आली की बर्बेरिन आत साचतं आणि जंतू मरतो. बर्बेरिन शुद्ध करून घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानं हे दुसरं रसायन निरुपयोगी म्हणून टाकूनच दिलं असतं. संपूर्ण अर्क की शुद्ध रेणू, या वादावर पुस्तकात दोन प्रकरणं आहेत आणि दोन्ही लेखकांचं एकमत नाही. ते तसंच राहू दिलं आहे. माझा कल सांगायचा तर, लेपाच्या कामात आधी अर्कापासून सुरुवात करावी, पण तिथे थांबू नये. अर्कातलं कोण काय करतं हे कळल्याशिवाय तो माणसाच्या हाडात घालू नये.

मारण्याऐवजी जंतूंमधला संवाद तोडण्याचा मार्गही आहे. सिडनीजवळच्या समुद्रात डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शेवाळ वाढतं. आजूबाजूचं सगळं जंतूंच्या थरानं माखतं, हे शेवाळ मात्र बऱ्यापैकी मोकळं राहतं. पीटर स्टाइनबर्ग आणि स्टाफन केलेबर्ग यांच्या गटानं त्यामागची फ्युरॅनोन नावाची रसायनं ओळखली. आपण पुरेसे जमलो आहोत की नाही, हे जंतू एकमेकांना रासायनिक खुणांनी कळवतात. फ्युरॅनोन त्या खुणांमध्ये घुसतात. शेवाळ काटेकोर अर्थानं वनस्पती नाही, पण या विषयातून त्याला वगळणं मला पटलं नाही.

आता लेप बसतो कसा ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. झाडाचं रसायन पाण्यात नाहीतर तेलात, आणि खाली गुळगुळीत धातू. दोघांचं जमायचं कसं? चहाचा कप दोन-तीन दिवस न घासता ठेवला की आत तपकिरी थर धरतो आणि नुसत्या पाण्यानं निघत नाही. तो थर चहातल्या पॉलिफिनॉलांचा असतो. चहा, वाइन, कोको यांतली ही रसायनं जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागाला धरतात. फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटानं २०१३ साली याच गुणाचा उपयोग करून रंगहीन, जंतूंना अडवणारे थर बनवले. त्याच वर्षी मेलबर्नच्या फ्रँक कारुसो यांच्या गटानं त्याहून सोपी युक्ती दाखवली. टॅनिक आम्ल आणि लोहाचा क्षार एकत्र करायचे, सामू थोडा वाढवायचा, की काही क्षणांत सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचा थर वस्तूवर बसतो. भट्टी नको, निर्वात पेटी नको, महाग द्रावक नको. सगळं पाण्यात होतं.

टॅनिन आणि लोह यांची जोडी आपल्याला नवी नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळा रंग उतरतो. रंगाऱ्यांनी कापड काळं करायला ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून विकतात, आणि वर्षाच्या हिशेबात त्या पैशाला मोठं स्थान असतं. कातडी कमावण्यात आणि औषधांत जाणाऱ्या या फळात भरपूर टॅनिन असतं. या रसायनाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. टॅनिन-लोहाची ही जाळी आम्लात सुटते, आणि जंतू जिथे वाढतात तिथे बहुधा आम्ल तयार होतं. म्हणजे जिथे गरज तिथेच लेप सैल होऊन आतलं औषध सुटेल, अशी रचना करता येते. प्रयोगशाळेत ती झालीही आहे. हाडाच्या आत, रक्त आणि प्रथिनांच्या गर्दीत, महिनोन्‌महिने ती तशीच वागेल का, हे पाहण्याचं काम मोठं आहे.

सुगंधी तेलांची गोष्ट अगदी उलट. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या टी ट्रीची पानं बुंडजालुंग लोक जखमांवर वापरत आले. सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात त्या तेलाची जंतुनाशक ताकद मोजली आणि ते कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी प्रभावी असल्याचं सांगितलं. पण तेल उडून जातं, मग ते धातूवर ठेवायचं कसं? टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात मोहन जेकब आणि कॅटेरिना बझाका यांनी प्लाझ्माचा मार्ग घेतला. तेलातल्या टर्पिनेन-४-ओल या घटकाची वाफ जवळजवळ निर्वात पेटीत सोडायची आणि रेडिओ लहरींनी ती पेटवायची. रेणू तुटतात, एकमेकांना जोडले जातात आणि खाली ठेवलेल्या वस्तूवर घट्ट, पारदर्शक पातळ थर बसतो. द्रावक लागत नाही आणि उडून जाण्याचाही प्रश्न उरत नाही. यात खरी मेख शक्तीची आहे. सुमारे १० वॅटवर बनवलेल्या थरात मूळ रेणूचे तुकडे बऱ्यापैकी शाबूत राहतात आणि जंतू त्यावर टिकत नाहीत. शक्ती २५ वॅटवर नेली की थर मजबूत होतो, पण तो गुण हरवतो. झाडाचा गुण ठेवायचा तर थर थोडा कच्चा, आणि थर पक्का करायचा तर गुण गेला, ही ओढाताण या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात वेगवेगळ्या रूपात भेटते.

आणि हळद. तिच्याशिवाय हे पुस्तक मराठीत येऊ शकलं नसतं, असं मला वाटतं. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल मांडून त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. गोव्यातल्या माशेलच्या या शास्त्रज्ञाचं ते काम आपल्या अभिमानाचा भाग आहे आणि असायला हवं. पण त्या निकालानं सिद्ध काय झालं, ते नीट लक्षात ठेवलं पाहिजे. हळद जखमेवर लावण्याची गोष्ट जुनी आहे, एवढं सिद्ध झालं. ती टायटॅनियमवर बसवून हाडात घातली तर काय होतं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते नव्यानं, शून्यापासून मिळवावं लागतं.

ते मिळवण्याचं काम अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सुष्मिता बोस आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं करत आहेत. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून दिलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. त्यांनी ते पॉलिमरात गुंडाळून, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या हाडासारख्या कॅल्शियम फॉस्फेटच्या सांगाड्यांवर बसवलं, म्हणजे ते थेट हव्या त्या जागी हळूहळू सुटेल. पोटाचा अडसर असा टळतो, ही मला या सगळ्या विषयातली अतिशय सुंदर कल्पना वाटते. तरी दुसरी बाजूही वाचकासमोर असली पाहिजे. कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा झाडा घेतला. हा रेणू अस्थिर आहे, तो अनेक प्रथिनांना मोघम चिकटतो, स्वतः रंगीत असल्यानं आणि चमकत असल्यानं रंग मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांना फसवतो, असं त्यांनी सोदाहरण मांडलं. हळदीवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो लेख आधी वाचावा आणि मग प्रयोग मांडावा, असं मी आग्रहानं सांगतो. पिवळ्या द्रवात जंतू वाढलेत की नाहीत हे गढूळपणावरून ठरवणं धोक्याचं आहे. तिथे वसाहतीच मोजल्या पाहिजेत.

लेपांचा एक प्रकार मात्र मला या सगळ्यांपासून बाजूला ठेवावासा वाटतो. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण बनवून दाखवले. काम फार चांगलं होतं आणि त्यानंतर तुळस, कोरफड, आवळा अशा कितीतरी झाडांच्या नावांनी हजारो शोधनिबंध आले. त्यांतले कण इम्प्लांटवर बसवून त्यांना वनस्पतीजन्य लेप म्हणण्याची प्रथा पडली आहे. पण इथे झाड कण बनवतं आणि त्यांना सांभाळतं. जंतू मारते ती मुख्यतः चांदीच. तिचे गुणदोष तिच्या नावावर मांडायला हवेत, म्हणून या पुस्तकात तो विषय वेगळ्या प्रकरणात आहे.

पुढची पानं वाचताना वाचकानं प्रत्येक दाव्याला काही प्रश्न विचारावेत अशी माझी इच्छा आहे. आगरच्या प्लेटवर लेप दिलेली चकती ठेवली आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ उमटलं, तर आमच्या भाषेत ‘झोन आला’. झोन आला म्हणजे औषध चकतीतून झिरपून बाहेर पडलं. पण उत्तम चिकटलेल्या लेपाला झोन येणारच नाही, आणि मोठा झोन देणारा लेप कदाचित दोन दिवसांत रिकामा होईल. तरीही शोधनिबंधांत झोनचे फोटो आधी येतात, कारण ते चटकन दिसतात. मग निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत किती रेणू टिकतात? नाही टिकत, तर गॅमा किरणांत टिकतात का? मग हातोडी. खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात ठोकून बसवतात. हाडाच्या भिंतीवर घासत तो आत जातो, आणि कुठलाही नाजूक लेप तिथेच खरवडून जाऊ शकतो. प्रयोगशाळेत सपाट चकतीवर दिलेल्या लेपाला या प्रसंगाची कल्पनाच नसते. मग हाडाच्या पेशी: जंतू मेले, पण पेशी जगल्या का, आणि जगून त्यांनी हाड घातलं का? आणि शेवटी कच्चा माल. सांगलीची हळद आणि वायगावची हळद सारखी नसते, यंदाचा हिरडा गेल्या वर्षीसारखा नसतो. दर खेपेला तेच रसायन तेवढ्याच प्रमाणात आलं नाही तर औषध नियंत्रक ते मान्य करणार नाहीत, आणि करूही नये.

नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही, ही समजूत या क्षेत्राचं फार नुकसान करते. टी ट्रीचं तेल पोटात गेलं तर विषारी आहे. जंतूचं आवरण फोडणारा रेणू आपल्या पेशीचंही आवरण फोडू शकतो. झाडाच्या रसायनाला सवलत नको. त्याला इतर औषधांच्याच रांगेत उभं करून तितक्याच कडकपणे तपासलं, तरच त्याचा खरा मान राहील. हे आपल्याकडे जमू शकतं, याला आधार आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी भारतीय हृदयझडप घडवली. साहित्य निवडण्यात आणि बदलण्यात अनेक वर्षं गेली, कितीतरी नमुने फसले, आणि १९९० च्या अखेरीस ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. तेच वलियाथन पुढे चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या अभ्यासाकडे वळले आणि आयुर्वेदातल्या कल्पना आजच्या प्रयोगांनी तपासाव्यात म्हणून झटले. शरीरात बसवायच्या वस्तूची शिस्त आणि झाडपाल्याच्या ज्ञानाबद्दलचा आदर एकाच माणसात कसा नांदतो, हे पाहायचं तर त्यांच्याकडे पाहावं.

शेवटची दोन प्रकरणं कायद्याची आणि पैशाची आहेत. अनेकजण ती वगळतील, पण त्यांनी वगळू नयेत. लेपामुळे रॉडची किंमत किती वाढेल आणि ती जिल्हा रुग्णालयात आलेल्या अपघातग्रस्ताला परवडेल का, याचा हिशेब तिथे मांडला आहे. माझ्या मते अशा लेपाची सगळ्यात आधी गरज त्यालाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे वनस्पतीपासून व्यापारी उत्पादन निघालं तर लाभातला वाटा ती जपणाऱ्या लोकांपर्यंत पोचला पाहिजे. हिरड्याच्या टॅनिनचा लेप उद्या खरोखर बाजारात आला, तर झोडणी करणाऱ्या त्या कुटुंबांचा हिस्सा कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या सहीनं ठरेल, हे कायद्याच्या प्रकरणात कलमांसह दिलं आहे.